तिळाएवढ्या माशीचे चौदा फोटो

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच उमगलं नाही, आणि अक्षर असं की किराण्याची यादी वाण्याला लागत नाही, म्हणून वाचून दाखवायला मलाच दुकानात उभं राहावं लागतं. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. बंगलोरला जाऊन आले त्याला आता वर्ष होत आलं. शेजारणी विचारतात, काय काय पाहिलंस? मी लालबाग सांगते, चिकपेट सांगते. बाकीचं तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमचा मिरजेत फोटो स्टुडिओ आहे. लग्नानंतर ह्यांनी मला रिटचिंग शिकवलं. निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि छापलेल्या फोटोवर ब्रशने. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायचे, मिटलेले डोळे उघडायचे. कुणाकडे म्हातारा-म्हातारीचा एकत्र फोटो नसायचा आणि म्हातारा तर गेलेला असायचा. मग त्याच्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून, दुसऱ्या कुणाच्या कोटावर बसवून, त्याला म्हातारीशेजारच्या खुर्चीत आणायचा. असे पंधरा-वीस म्हातारे तरी मी खुर्चीत बसवले असतील. सांधा दिसायचा नाही. घरचे फोटो बघून रडायचे आणि मला आत कुठेतरी बरं वाटायचं. गावात रंगीत लॅब आली आणि हे काम बंद पडलं.

तेवढ्यात मोहनरावांचं पत्र आलं. मोहनराव म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगलोरकडे जाऊन राहिलेलं. ते हेब्बाळला शेतकी खात्यात किड्यांवर संशोधन करतात. पत्रात होतं, "स्टुडिओत पडून असलेली जुनी भिंगं मिळतील का? आणि फोटो कापून जोडणारा हात हवा आहे. तो आपल्या घरातच आहे असं ललिता म्हणते." ह्यांना दम्याचा त्रास, प्रवास झेपत नाही. शेजारच्यांचं कुटुंब त्याच गाडीने निघालं होतं, त्यांच्यासोबत ह्यांनी मला बसवून दिलं. मांडीवर लाडवाचा डबा आणि डब्याखाली रुमालात गुंडाळलेली तीन भिंगं.

येलहंका

मोहनरावांचं घर येलहंक्याच्या जुन्या गावात. तिथे विमानदलाचा तळ आहे. शिकाऊ विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की पहिल्या सकाळी मी तांब्या टाकून भिंतीला चिकटले. वन्सं हसल्या. "इंदू, ते वर आहे गं. तुझ्या तांब्याला काही करत नाही."

वन्सं वीस वर्षांत पुऱ्या तिकडच्या झाल्यात. स्वल्प (थोडं) दे, सरी सरी (बरं बरं), बागलु (म्हणजे दार) लाव, असं मिसळून बोलतात. मोहनरावांची मराठी तर आपल्याला आधी कानडीच वाटते, मग हळूहळू कळायला लागते. मला ते पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागले. मी नवऱ्याशिवाय कुणा पुरुषासमोर बसून बोललेली नाही. त्यांनी काही विचारलं की मी वन्संकडे बघून उत्तर द्यायची. वन्संनी ते उत्तर त्यांच्याकडे पोचवायचं, समोरासमोर तीन हातांवर बसून. दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "मला पोस्टात नोकरी लागली म्हण की."

तिकडे बायका फुलांशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. आपल्याकडे गजरा म्हणजे सणाला, लग्नाला. तिथे रोज सकाळी दारावर फुलवाली येते आणि कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मापून माळ देते. मला आधी लाज वाटली, या वयात रोज गजरा. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच फुलवालीची वाट बघत होते.

जेवायला नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा मोठा गोळा, आणि पालेभाजीच्या पाण्याची आमटी. मी भाकरीसारखा घास तोडून चावायला लागले. तो टाळूला बसला. पाणी प्यायले तर आणखी घट्ट.

"चावायचा नाही," मोहनराव घाबरून म्हणाले, "गिळायचा, अक्का, गिळायचा!"

"आठ दिवसांत शिकेल," वन्सं म्हणाल्या. "मला दोन वर्षं लागली. तेव्हा सासूबाई समोर बसायच्या, म्हणून."

हेब्बाळ

खात्याची इमारत बळ्ळारी रस्त्यापासून थोडी आत. मोहनरावांची खोली तळमजल्यावर. तिथे फिनाइलच्या गोळ्यांचा वास आणि भिंतभर लाकडी पेट्या, पेट्यांत टाचणीला टोचलेले किडे. मुनियप्पा म्हणून एक वयस्कर शिपाई होते. त्यांना हिंदी, मराठी काही येत नव्हतं आणि मला कानडी. आमचं दोघांचं सगळ्यात चांगलं जमलं.

काम काय ते मोहनरावांनी समजावलं. पिकावरच्या अळीची अंडी खाऊन टाकणारी एक माशी त्यांना सापडली होती. माशी म्हणजे आपली घरातली नव्हे. गांधीलमाशीच्या जातीची, पण तिळाएवढी. त्यांच्या मते ती वेगळी जात होती. दिल्लीला या माशांचे एक जाणकार होते, त्यांना फोटो पाठवायचा होता. माशी नाजूक, एकच मिळालेली, ती टपालात घालायची नव्हती.

एवढ्या लहान जिवाचा मोठा फोटो काढायचा म्हणजे भिंग कॅमेऱ्यावर उलटं लावायचं आणि मध्ये कातड्याचा लांब भाता घालायचा. मग तीळ सुपारीएवढा दिसतो. पण एक अडचण होते. माशीचं डोकं स्पष्ट आलं की पंख धुरकट, पंख स्पष्ट केले की पाय धुरकट. फोकस पापुद्र्याएवढाच असतो. मोहनरावांची युक्ती अशी की माशी एका मोडक्या सूक्ष्मदर्शकाच्या खुर्चीवर, म्हणजे काच ठेवायच्या पाटावर, ठेवायची, कॅमेरा वरून खाली रोखायचा, आणि सूक्ष्मदर्शकाची कळ दोन-दोन रेघा फिरवत माशी वर उचलत न्यायची. प्रत्येक पायरीला एक फोटो. मग प्रत्येकातला स्पष्ट तेवढा तुकडा कापायचा आणि सगळे तुकडे एकावर एक बसवून एक अख्खी स्पष्ट माशी करायची.

मी वन्संशिवाय पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हणाले, "म्हाताऱ्यांसारखंच."

त्यांना कळलं नाही. मग मी खुर्चीत बसवलेल्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. ते खूप हसले. मुनियप्पांना कानडीत सांगितलं, तेही हसले.

चार दिवस नुसते भिंगांचे प्रयोग झाले. घडीच्या कॅमेऱ्यातलं पहिलं भिंग उजेडात धरलं तर आत बुरशीची जाळी. मी काढता येईल तेवढी पुसली, तरी माशी दुधातून बघितल्यासारखी आली. दुसरं आमच्या एनलार्जरचं, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राचं. ते चांगलं, पण माशी हरभऱ्याएवढीच व्हायची. तिसरं, अंगठ्याएवढं, जुन्या सिनेकॅमेऱ्याचं. ह्यांनी ते कधीतरी भंगारातून घेतलेलं आणि मी त्यावरून त्यांना बोललेली. ते कॅमेऱ्याला बसेना. मुनियप्पांनी बामच्या डबीचं झाकण आणलं, त्याला भोक पाडलं, काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि भिंग उलटं बसवलं. मोहनरावांनी डोळा लावला आणि ओरडलेच, "अय्यो! केस मोजता येतात की हो अक्का!"

मी ह्यांना त्याच दिवशी कार्ड टाकलं, तुमचं भंगार चाललं म्हणून.

दिव्याचा झोत माशीच्या अंगावर चमकायचा. मोहनरावांनी टेबलटेनिसचा चेंडू अर्धा कापून माशीवर वाटीसारखा ठेवला, वर भिंगापुरतं भोक पाडलं, तेव्हा उजेड मऊ झाला. मग दिव्याच्या उष्णतेने माशीखालचा डिंक ढिला व्हायला लागला आणि फोटो काढता काढता माशी बसल्या जागी कलायची. पाचव्या फोटोतला पाय सहाव्यात दुसरीकडेच. सगळं रीळ फुकट. दिवा दूर नेला, वेळ वाढवला, तर रस्त्यावरून लॉरी गेली की टेबल थरथरून चित्र हलायचं. शेवटी मुनियप्पा खिडकीत उभे राहिले. लॉरी दिसली की म्हणायचे, "लारी बंतु." आम्ही श्वास धरून थांबायचो. गेली की "होयतु." मग मोहनराव बटण दाबायचे. असे एका सकाळी चौदा फोटो झाले.

त्या दिवशी मोठे साहेब खोलीत आले. उंच, पांढरी मिशी. इंग्रजीत मोहनरावांशी बोलले आणि भिंगावरच्या बामच्या झाकणाकडे बघून काहीतरी म्हणाले. मोहनरावांचे कान लाल झाले. साहेब गेल्यावर मी विचारलं नाही, पण मोहनरावांनीच सांगितलं. "साहेब म्हणतात, कापून चिकटवलेला फोटो म्हणजे सिनेमाचं पोस्टर. दिल्लीवाले कशावर विश्वास ठेवणार? मी म्हटलं, सर, जोडणार, बदलणार काही नाही. माझ्या सहीनं तसं लिहून देतो." मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाले, "तेवढं लक्षात असू दे अक्का. जोडायचं. बदलायचं नाही."

मी मान हलवली. मला ते कळलं होतं. असं मला वाटलं होतं.

पुढचे तीन दिवस मी सुखात होते. माझ्या हाताचं काम होतं. अंधाऱ्या खोलीत चौदा फोटो पातळ कागदावर एकाच मापाचे छापले. ब्लेडने माशीच्या अंगाच्या रेषांवरून कापले. तुकड्यांच्या कडा मागून पॉलिश पेपरने घासून कांद्याच्या पापुद्र्यासारख्या केल्या, म्हणजे एकावर एक बसताना पायरी दिसत नाही. नवव्या फोटोत मागचा पाय स्पष्ट होता, तो मोहनरावांनी हातात घेऊन भिंगातून बराच वेळ बघितला आणि खूश होऊन परत दिला. का खूश झाले ते मी विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं?

सगळं चिकटवून झाल्यावर बारीक ब्रश घेतला. सांधे भरले. सांधे भरायला तर मला बोलावलंच होतं. पण ब्रश हातात आला की माझा हात स्वतःच फिरतो, वीस वर्षांची सवय. पंखावर दोन ठिपके होते, धुळीचे, ते घालवले. तोंडावर काही आडवेतिडवे केस होते, ते थोडे विरळ केले. मागच्या पायाच्या टोकाला एक ठळक काटा होता आणि त्याला चिकटून एक आखूड तिरपी रेघ. निगेटिव्हवर ओरखडा गेला असेल असं मला वाटलं. असे ओरखडे मी हजारो पुसले आहेत. दोनदा ब्रश टेकवला, गेला. त्यात काही बदललं असं माझ्या मनातही आलं नाही. घाण काढणं म्हणजे बदलणं नव्हे, असं आमच्या धंद्यात सगळे समजतात.

जोडलेल्या चित्राचा परत फोटो काढला आणि मोठा छापला. माशी वहीच्या पानाएवढी झाली, डोक्यापासून शेपटापर्यंत लख्ख. मुनियप्पांनी हात जोडले, माशीला की मला, कळलं नाही. खात्यातले एक गृहस्थ त्याच संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला निघणार होते, त्यांच्या हाती पाकीट द्यायचं होतं. घाई होती. मोहनरावांनी पत्रावर सही केली, फोटो पुठ्ठ्यात घातला आणि पाकीट गेलं.

ते गेल्यावर मोहनराव आरामात बसले. म्हणाले, "अक्का, तीन दिवस जिला कापलंत तिला एकदा जिवंत डोळ्यांनी बघा तरी." चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली माशी ठेवली आणि मला स्टुलावर बसवलं. "मागचा पाय बघा. टोकाला किती काटे?"

मी बघितलं. एक लांब आणि त्याला चिकटून एक आखूड, तिरपा.

"दोन," मी म्हणाले.

"दोन! नेहमीच्या जातीला एकच असतो. त्या दुसऱ्या काट्यावर सगळं उभं आहे."

मी डोळा भिंगावरून काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. विमान संध्याकाळचं होतं. पाकीट अजून बंगलोरातच होतं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर मुनियप्पा सायकलवरून जाऊन ते परत घेऊन आले असते. मी म्हणाले, "छान आहे."

चिकपेट, लालबाग

दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी मला एक पाकीट दिलं. आत सहाशे रुपये. मी नको म्हणाले, पण ते नको नेहमीचं, मानाचं होतं. खरं नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी घेतलं. हे लिहितानाही हात थांबतो, पण घेतलं.

वन्सं मला चिकपेटेत घेऊन गेल्या. बोळाबोळांतून साड्यांची दुकानं, बाहेर माणूस उभा राहून "या अक्का, या" म्हणून ओढतो. वन्संनी एक निळी साडी माझ्या खांद्यावर टाकली. "घे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईची. माझ्या भावाला दाखव जाऊन." मी तीनशे चाळीस रुपये मोजून दिले. दुकानदाराने आरशासमोर उभं केलं तेव्हा मी आरशात वन्संकडेच बघत होते.

तिथून लालबाग. काचेचं मोठं घर आहे, मोठमोठी झाडं आहेत, तळं आहे. मी सगळं बघितलं आणि मला काही आठवत नाही. एका बाकावर बसून आम्ही चित्रान्न खाल्लं, लिंबाचा पिवळा भात. माझ्या ताटलीच्या कडेवर एक मुंगी चालत होती आणि मी तिचे पाय मोजत होते. वन्सं म्हणाल्या, "घरची आठवण येते काय?" मी हो म्हणाले. तेही खोटं.

रविवार गेला. सोमवारी दुपारी मोहनराव जेवायला घरी आले. एरवी ते डबा नेत. ताटावर बसले आणि हात नुसता भातात ठेवून म्हणाले, "दिल्लीहून साहेबांना फोन आला. फोटो फार सुंदर आहे म्हणाले. पण काटा एकच आहे. नेहमीचीच माशी."

"मग तुम्ही दोन कसे म्हणत होता?" वन्संनी विचारलं.

"माशीला दोन आहेत, अक्कांनीही मोजले. नवव्या फोटोत बघितले, म्हणून मोठ्या फोटोत परत शोधले नाहीत. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, डोळे तपासून घ्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिंगाचाच दोष असणार. परत फोटो काढताना जुन्या भिंगात दोनाचा एक झाला असेल. आता जाऊन माशी आणि फोटो परत ताडून बघतो. नाहीतर मेहुण्यांची भिंगं अक्कांबरोबर परत पाठवून देऊ. फुकट त्रास दिला त्यांना."

ह्यांनी ते भिंग भंगारातून घेतलं तेव्हा मी बोलले होते. आता माझ्या ब्रशाची चूक त्या भिंगावर जाणार होती आणि घरी गेल्यावर हे दमा सांभाळत विचारणार होते, का गं, चालेना का? मी वाढायची पळी खाली ठेवली.

"भिंग चांगलं आहे," मी म्हणाले. "दुसरा काटा मी पुसला."

डोक्यावरून शिकाऊ विमान गेलं.

"कधी कळलं तुम्हाला?" मोहनरावांनी विचारलं.

"तुम्ही दाखवलात तेव्हा."

"शुक्रवारी."

"हो."

त्यांनी हात धुतला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला रडता आलं असतं. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या माझ्या निळ्या साडीची पिशवी खुंटीवर होती तिकडे बघत राहिल्या.

मी काही धीट झाले म्हणून सांगितलं असं कुणी समजू नये. ते आता जाऊन माशी बघणारच होते आणि सगळं उघड होणारच होतं. मी फक्त तासभर आधी सांगितलं. आणि तीन दिवस उशिरा.

परत हेब्बाळ

मोहनराव मोठ्या साहेबांकडे जायला निघाले तेव्हा मी म्हणाले, मी येते. वन्सं म्हणाल्या, "तू? तू वाण्याशी बोलताना पदर चावतेस." तरी मी गेले. बसमध्ये मी पुढे बायकांत बसले, मोहनराव मागे.

साहेबांच्या टेबलावर काच होती, तिच्याकडे बघत मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "साब, काटा मैंने मिटाया. धूल समझके. इनको मालूम नहीं था. भिंग अच्छा है. शुक्रवार को मालूम हुआ, फिर भी मैं नहीं बोली." शेवटचं वाक्य म्हणायचं की नाही हे बसमध्ये ठरत नव्हतं. म्हणाले.

साहेबांनी फोटोची दुसरी प्रत मागवली. भिंग घेऊन मागच्या पायावर बराच वेळ बघितलं, मग त्या फोटोची निगेटिव्ह उजेडात धरली. मग मला म्हणाले, "कुछ भी दिखता नहीं है, अम्मा. आपका हाथ बहुत अच्छा है." थांबले. "इसी लिए तो डर लगता है."

कुणी शिवी दिली असती तर मी विसरले असते. हे विसरत नाही. वीस वर्षं लोकांनी ज्या हाताचं कौतुक केलं, त्या हाताचं त्यांनीही तेच कौतुक केलं होतं.

माझं तिकीट दोन दिवसांनी पुढे ढकललं. मूळ चौदा निगेटिव्ह होत्या, त्यामुळे फोटो परत करता येणार होता. परत छापले, परत कापले, परत जोडले. या वेळी ब्रश मी वन्संच्या घरीच ठेवून आले होते. सांधे तसेच राहिले. माशीच्या पाठीवर, पोटावर, पायांवर बारीक पांढऱ्या रेघा दिसत होत्या, ठिगळ लावल्यासारख्या. तोंडावरचे केस वेडेवाकडे, पंखावर धूळ. मला तो फोटो बघवत नव्हता. स्टुडिओत असा फोटो दिला असता तर गिऱ्हाईकाने तोंडावर मारला असता. पण मागच्या पायाला दोन काटे होते. मुनियप्पांनी बोटाने मोजले. "वंदु, येरडु," म्हणाले, एक, दोन, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

पत्र मोहनरावांनी इंग्रजीत लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. आधीच्या फोटोत हाताने फेरफार झाला होता, तो माझ्या नजरचुकीने गेला, तो रद्द समजावा, सोबतच्या फोटोत सांधे दिसतील ते तसेच ठेवले आहेत.

"तुमच्या नजरचुकीने?" मी म्हणाले. "माझं लिहा की."

"सही माझी होती, अक्का."

निघायच्या सकाळी वन्संनी ओटी भरली, डोक्यात हातभर गजरा माळला. मी पाकीट काढून मोहनरावांसमोर ठेवलं. आत दोनशे साठ होते. मी म्हणाले, बाकीचे तीनशे चाळीस मिरजेहून पाठवीन.

वन्सं उसळल्याच. "वेडी का काय? आपल्या आपल्यांत पैसे परत करतात? आणि ते काय खात्याचे होते? ह्यांनी पगारातून दिलेले!"

मला ते माहीत नव्हतं. मी खात्याचेच समजत होते. माझी मान आणखी खाली गेली.

मोहनरावांनी नोटा मोजल्या. दोनशे साठ. खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "सरी. बाकीचे सावकाश."

वन्संना ते फार लागलं. स्टेशनपर्यंत त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. त्यांनी राहू दे म्हटलं असतं तर मी त्यांच्या घरी परत कधी पाऊल टाकू शकले नसते.

मिरज

ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी पण पुसला असता." त्यांना मला बरं वाटावं म्हणून म्हणायचं होतं. मला बरं वाटलं नाही, पण त्यांचं भिंग चाललं एवढं त्यांना कळलं, ते मला पुरे होतं. भिंग मोहनरावांनी ठेवून घेतलं आहे. बामच्या झाकणासकट.

निळी साडी मी घडीतच ठेवली आहे. शेजारीण म्हणते नेस की, जरीला घड्या पडतील. बघू.

मी साड्यांना फॉल लावते. त्यातून पंच्याऐंशी रुपये साठले की पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायची. फॉर्म भरायला पोस्टातल्या बाईंना सांगते. पहिल्या मनीऑर्डरीनंतर वन्संचं पत्र आलं, चार पानं, रागाचं. दुसरीनंतर दोन पानं. तिसरीनंतर त्यांनी पैशांचं काही लिहिलं नाही. त्यात शेवटी मोहनरावांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. दिल्लीच्या साहेबांनी दुसरा फोटो ठेवून घेतला आहे आणि अशी आणखी एक माशी मिळाली तर पाठवा म्हणतात. माशी वेगळी की नेहमीची ते अजून ठरलेलं नाही. मुनियप्पा आपली चौकशी करतात.

चौथी मनीऑर्डर गेल्या महिन्यात केली. परवा पोस्टमन पोचपावती घेऊन आला. त्यावर मोहनरावांची सही होती, तारीख होती, आणि सहीखाली त्यांनी मराठीत लिहिलं होतं, "एकूण सहाशे पोचले. येणे काही नाही."

मी ती पावती ह्यांना वाचून दाखवली आणि डब्यात आधीच्या तिन्हींवर ठेवली. पैसे पुरे फिटले.